आधी पाहुणा व्हा: जपानी चहाविधी शिकण्याची सुरुवात

चानोयु, म्हणजे जपानी चहाविधी, शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी सामान मागवतात. माचा या हिरव्या चहाच्या पुडीचा डबा येतो, चासेन ही चहा घुसळायची बांबूची रवी येते, एखादा देखणा वाडगा येतो आणि मग व्हिडिओ बघत फेस आणण्याचा प्रयत्न सुरू होतो. त्यातून चहा होतो, चांगलाही होतो. पण जपानमधल्या वर्गात नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी चासेन देत नाहीत. दार सरकवून आत कसं यायचं, कुठं बसायचं, वाकून नमस्कार कसा करायचा, गोड कसं उचलायचं आणि समोर आलेला वाडगा कसा प्यायचा, एवढंच त्याला शिकवतात. मला हा क्रम मनापासून पटतो. चहा नीट घेता आला की देताना समोरच्याला काय लागेल हे आपोआप कळू लागतं. म्हणून हा लेखही त्याच क्रमानं जातो: गुरू, बसणं, पाहुणेपण, हातांचा सराव आणि मग पहिली तेमाए, म्हणजे पाहुण्यासमोर चहा करण्याचा पूर्ण विधी.

बारीक रीती संप्रदायागणिक बदलतात. इथे सांगितलेले तपशील उरासेंके पद्धतीचे आहेत. तुमचे गुरू वेगळ्या घराण्याचे असतील, तर ते सांगतील तेच बरोबर.

थोडी पार्श्वभूमी

झेन भिक्षू एइसाई ११९१ साली चीनहून परतले, त्यानंतर जपानमध्ये पूड चहा पिण्याची रीत मठांतून पसरली. पुढे सरदार आणि श्रीमंत व्यापारी किमती चिनी भांडी मांडून चहाच्या मेजवान्या करू लागले. त्या दिखाव्यापासून चहाला दूर नेण्याचं काम मुराता जुको आणि ताकेनो जोओ यांनी सुरू केलं आणि सेन नो रिक्यू यांनी ते पूर्णत्वाला नेलं. रिक्यूंचा जन्म १५२२ सालचा, ओसाकाजवळच्या साकाई या बंदरातल्या व्यापारी घरातला. ओदा नोबुनागा आणि नंतर तोयोतोमी हिदेयोशी या दोन्ही सत्ताधीशांचे ते चहागुरू होते. १५९१ साली हिदेयोशीच्याच हुकमावरून त्यांना सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावं लागलं. त्यांनी घडवली असं मानली जाणारी ‘ताइआन’ ही खोली क्योतो आणि ओसाका यांच्या मध्ये, यामाझाकीच्या म्योकिआन मंदिरात आजही उभी आहे. पाहुणे आणि यजमान बसतात ती जागा फक्त दोन तातामींची, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या दोन जाड गवती चट्यांएवढी.

रिक्यूंचे नातू सोतान यांच्या तीन मुलांपासून तीन घराणी झाली: ओमोतेसेंके, उरासेंके आणि मुशाकोजीसेंके. तिन्हींची मुख्य घरं आजही क्योतोतच आहेत.

संप्रदाय आणि गुरू

संप्रदायांतला फरक नवख्याला चटकन दिसतो तो फेसात. उरासेंकेत चहाचा सगळा पृष्ठभाग बारीक फेसानं झाकतात, ओमोतेसेंकेत फेस कमी ठेवून हिरव्या चहाचा थोडा भाग उघडा राहू देतात. फुकुसा हे रेशमी फडकं झटकण्याची, वाडगा फिरवण्याची, खोलीत पाऊल टाकण्याची रीतही वेगळी. यातली कुठलीच पद्धत वरचढ नाही. पण दोन पद्धती एकदम शिकू नका. हात एकदा गोंधळला की तो सरळ करायला फार वेळ जातो, आणि इंटरनेटवर शिकणाऱ्यांचं हेच सर्वांत जास्त होतं: सोमवारी एका घराण्याचा व्हिडिओ, मंगळवारी दुसऱ्याचा. व्हिडिओ जरूर बघा, पण गुरूंकडे शिकलेलं आठवायला.

माझ्या मते संप्रदाय निवडण्यापेक्षा गुरू निवडा. जो चांगला माणूस जवळ, परवडेल अशा दक्षिणेत आणि तुमच्या वेळेत शिकवतो, त्याचा संप्रदाय तो तुमचा. भारतात नियमित वर्ग मोजके आहेत. मुंबई-पुण्यातल्या वाचकांनी मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांवर लक्ष ठेवावं आणि जपानी भाषेच्या शिक्षकांकडे चौकशी करावी. पुण्यात जपानी शिकणारे खूप आहेत, जपानला राहून आलेलेही खूप, त्यांच्यात चहा शिकलेलं कुणी ना कुणी भेटतं. अमेरिकेतल्या वाचकांसाठी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को इथं उरासेंकेची केंद्रं आहेत. तोक्योत, निशिकासाईसारख्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर वॉर्डातल्या सामाजिक सभागृहात, म्हणजे कोमिनकानमध्ये, आधी विचारावं. तिथले वर्ग स्वस्त असतात आणि शेजारच्या आजीबाईंबरोबर शिकायला मिळतं.

पहिल्या भेटीत वर्ग फक्त बघायला यायची परवानगी मागा. तेव्हाच सरळ विचारून घ्या: महिन्याची फी, म्हणजे गेश्शा, किती? चहा, गोड आणि कोळशाचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा? महिन्यात किती वर्ग? स्वतःचं काय आणायचं? जपानमध्ये गेश्शा कोऱ्या नोटा पाकिटात घालून देतात, हातात पैसे मोजून देत नाहीत. गुरूंना आडनावापुढे ‘सेन्सेइ’ लावून हाक मारायची.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. काही काळानं ‘क्योजो’ घेण्याविषयी सांगितलं जाईल. हा कागद मुख्य घराण्याच्या नावानं येतो आणि त्याची वेगळी फी असते. अमुक इतकं शिकून झालं, असं प्रमाणपत्र ते नव्हे, पुढचा भाग शिकायला मिळालेली ती परवानगी असते. ती घेण्याची घाई नसते, आणि न घेताही काही काळ शिकता येतं.

बसणं, उठणं, वाकणं

सेइझा म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं. वज्रासनाची सवय असलेल्यांना ते नवीन नाही. अडचण वेळेची आहे. वज्रासनात जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसणं वेगळं आणि चहाच्या खोलीत पाऊण तास बसणं वेगळं. वर्ग सुरू होण्याआधी महिनाभर घरी रोज थोडं थोडं बसा. पायाचे अंगठे एकमेकांवर ठेवा आणि मधूनमधून वरचा अंगठा खाली घ्या, त्यानं रक्त खेळतं राहतं. उठताना आधी पायाची बोटं जमिनीला टेकवून टाचा उभ्या करा, क्षणभर तसंच थांबा, मगच उभे राहा. पाय पूर्ण बधिर झाला असेल तर अजिबात उठू नका. बधिर पायावर उभं राहिल्यानं घोटा मुरगळतो.

गुडघ्याचं दुखणं असेल तर लपवू नका. १८७२ साली क्योतोत प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा परदेशी पाहुण्यांची सोय म्हणून उरासेंकेचे अकरावे प्रमुख गेनगेनसाई यांनी टेबल-खुर्चीची ‘र्युरेइ’ पद्धत बसवली. ती आज पूर्ण मान्य आहे आणि कित्येक मोठ्या समारंभांत तीच असते. खुर्चीवर बसून शिकलेला चहा कमी दर्जाचा ठरत नाही.

वाकण्याचे तीन प्रकार आहेत. ‘शिन’मध्ये दोन्ही तळवे पूर्ण टेकतात, ‘ग्यो’मध्ये बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आणि ‘सो’मध्ये फक्त बोटांची टोकं. पाठ कमरेतून झुकते, मान एकटी खाली जात नाही. यजमानाला आणि भिंतीवरच्या लेखपटाला शिन, पाहुण्यांनी आपसांत बोलताना ग्यो, आणि चहा करता करता यजमान करतो तो सो, एवढं सुरुवातीला पुरे. मान देण्याची ही पायरी-पायरीची रीत एकदा अंगवळणी पडली की पुढे बरंच काही सोपं होतं.

चालताना तातामीच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही. पाय घासत नेल्यासारखे सपाट टाकायचे.

पाहुणा होणं

आता मुख्य भाग. वर्गातले पहिले काही आठवडे यातच जातात आणि ते वाया जात नाहीत.

जाताना पांढरे मोजे वेगळे न्या आणि आत शिरण्याआधी बदला. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या, लांब माळ काढून ठेवा. वाडगे मऊ मातीचे असतात, काही शेकडो वर्षं जुने, आणि धातूचा एक ओरखडाही भरून येत नाही. अत्तर लावू नका, कारण खोलीत कोळशाबरोबर उदाचा मंद वास असतो आणि तो यजमानानं ऋतू बघून निवडलेला असतो. किमोनो नसला तरी चालतं. पण गुडघे झाकतील असे, बसताना न ताणणारे कपडे हवेत. साध्या रंगाचा सलवार-कुडता उत्तम.

दाराशी बसा आणि मिटलेला पंखा गुडघ्यांसमोर आडवा ठेवा. हा पंखा वारा घ्यायचा नाही, तो उघडायचाच नाही. तो आपल्यात आणि समोरच्यात एक नम्र रेघ आखतो. वाकून नमस्कार करा, आत या आणि आधी तोकोनोमापाशी जा. भिंतीतल्या त्या कोनाड्यात लेखपट टांगलेला असतो आणि जवळ फुलं असतात. पटावरचं लिखाण वाचता येत नसलं तरी त्यासमोर वाकायचं, शांतपणे बघायचं, मग फुलं बघायची. यजमानानं आजच्या दिवसासाठी जे काही मनात धरलं आहे त्याचा धागा बहुधा या पटातच असतो. नंतर मुख्य पाहुणा त्याविषयी विचारेल, तेव्हा कान देऊन ऐका.

कुठं बसायचं? पहिली जागा मुख्य पाहुण्याची, म्हणजे शोक्याकुची. यजमानाशी बोलणं, भांड्यांविषयी विचारणं, सगळ्यांच्या वतीनं आभार मानणं ही त्याची कामं. शेवटच्या जागेवरच्या पाहुण्याला भांडी गोळा करून परत देण्याची जबाबदारी असते. नवख्यानं दोन्ही टोकं टाळून मधे बसावं, म्हणजे शेजाऱ्याचं बघून करता येतं.

आधी गोड येतं. दाट चहाबरोबर ओलं गोड असतं, बहुतेक वेळा अझुकी शेंगांचे दाणे शिजवून, साखर घालून आटवलेल्या सारणाचं. पातळ चहाबरोबर कोरडं, साखरेचे छोटे साचे किंवा वड्या. वर्गात मात्र पातळ चहाबरोबरही ओलं गोड मिळतं. ताट समोर आलं की पुढच्या शेजाऱ्याकडे वळून ‘ओसाकी नी’ म्हणायचं, तुमच्या आधी घेतो, अशी त्याची परवानगी घ्यायची. ताट किंचित उचलून मनातल्या मनात आभार मानायचे. मग काइशी कागदांची घडी समोर ठेवायची, घडीची बाजू आपल्याकडे. ओलं गोड ताटातल्या काड्यांनी कागदावर घ्यायचं, काड्यांची टोकं कागदाच्या कोपऱ्याला पुसायची आणि ताट पुढे सरकवायचं. स्वतःच्या छोट्या सुरीनं तुकडे करून खायचं. कोरडं गोड हातानं घेतलेलं चालतं. चहा येण्याआधी गोड संपलं पाहिजे. माचा कडवट असतो, तोंडात गोडवा शिल्लक असताना तो सर्वांत चांगला लागतो, आणि रिकाम्या पोटी घेतला तर काहींना मळमळतं.

शाकाहारी वाचकांना एक सूचना. गोड पदार्थ बहुतेक डाळी, तांदूळ, साखर आणि समुद्री शेवाळापासूनच्या कांतेनचे असतात, त्यांची फारशी चिंता नाही. पण पूर्ण चाजीला, म्हणजे जेवणासह चार तास चालणाऱ्या निमंत्रित भेटीला, बोलावलं तर कैसेकी जेवणातल्या सुपात मासळीचा अर्क असतो. ते आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. जेवायला बसल्यावर सांगणं यजमानाला फार अवघड जातं.

आता वाडगा. तो समोर आला की उजव्या हातानं उचलून आधी स्वतःच्या आणि अलीकडच्या पाहुण्याच्या मध्ये ठेवा आणि त्याला ‘ओशोबान इताशिमासु’ म्हणा, तुमच्या जोडीनं घेतो. मग पुढच्या पाहुण्याच्या बाजूला ठेवून ‘ओसाकी नी’. मग स्वतःसमोर मध्यावर ठेवून यजमानाला ‘ओतेमाए चोदाइ इताशिमासु’, तुम्ही केलेला चहा घेतो. वाडगा डाव्या तळव्यावर घ्या, उजवा हात बाजूनं लावा, किंचित उचलून मान झुकवा. आता उजव्या हातानं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं दोनदा थोडा फिरवा. यजमानानं वाडग्याची सर्वांत सुंदर बाजू तुमच्याकडे करून दिलेली असते, त्या बाजूला ओठ लागू नयेत म्हणून हे फिरवणं. आरामात काही घोटांत प्या. शेवटचा घोट हलका आवाज करून ओढा, त्यावरून यजमानाला चहा संपल्याचं कळतं. ओठ लागले तो काठ बोटांनी पुसा आणि बोटं काइशीला पुसा. मग वाडगा उलट दिशेनं दोनदा फिरवून दर्शनी बाजू पुन्हा स्वतःकडे आणा.

आणि मग तो वाडगा बघा. कोपरं मांडीवर टेकवून, वाडगा जमिनीच्या जवळच ठेवून, दोन्ही हातांत धरून. उंच उचलून बघायचा नाही, हातातून निसटला तरी फार उंचावरून पडू नये एवढ्यासाठी. झिलईचा ओघळ कुठं थांबला, खालच्या कडेला कुंभाराची बोटं कशी उमटली, आत चहाची हिरवी कड कशी राहिली, हे निवांत बघा. चोजिरो या कारागिरानं रिक्यूंसाठी चाकाशिवाय, हातानं घडवलेल्या वाडग्यांतून राकू परंपरा सुरू झाली. तसा वाडगा हातात घेतला की ऊब कशी हळूहळू तळव्यात येते ते कळतं. घाईनं खाली ठेवणाऱ्याला ते कळत नाही.

काय घ्यायचं, काय नाही

विद्यार्थ्याला सुरुवातीला लागतं ते एवढंच: फुकुसा, मिटता पंखा, काइशी कागद, गोड कापायची छोटी सुरी, आणि हे सगळं ठेवायची फुकुसाबासामी ही कापडी पाकीट. उरासेंकेत सहसा बायकांची फुकुसा लाल आणि पुरुषांची जांभळी. गुरू सांगतील तेव्हा कोबुकुसा हे छोटं जरीचं कापड. वाडगा, चहाची डबी, किटली हे सगळं वर्गात असतं. पहिलं वर्षभर विकत घेऊ नका. वर्षभर निरनिराळे वाडगे हाताळल्यावर आपल्याला काय आवडतं ते वेगळंच निघतं.

१५८७ साली हिदेयोशीनं क्योतोतल्या कितानो देवळाच्या आवारात प्रचंड चहामेळा भरवला होता. दवंडीत म्हटलं होतं की शेतकऱ्यापर्यंत कुणीही यावं, एक किटली, एक वाडगा आणि बसायला चटई आणावी, आणि चहा नसेल त्यानं भाजलेल्या धान्याचं पीठ आणलं तरी चालेल. सामान अपुरं असल्याची काळजी ज्याला वाटते त्यानं ही दवंडी लक्षात ठेवावी.

वारिगेइको: तुकड्या-तुकड्यांनी सराव

तेमाए एकदम शिकवत नाहीत. तिचे सुटे भाग आधी हातात बसवतात, याला वारिगेइको म्हणतात. आणि हा सराव घरी, पाणीही न वापरता करता येतो.

फुकुसापासून सुरुवात करा. या चौकोनी रेशमी कापडाच्या तीन कडा शिवलेल्या आणि एक नुसती दुमडलेली असते. कुठली कड कुठल्या हाताला आहे हे आधी डोळ्यांनी ओळखा, काही दिवसांनी बोटांनी ओळखता आलं पाहिजे. त्रिकोण, मग तिहेरी घडी, मग अर्धी घडी, हे सगळं छातीसमोर, घाई न करता. घडी झाली की नात्सुमे, म्हणजे चहाची लाखेची डबी, तिनं पुसायची. चाशाकु, म्हणजे चहा काढायची बांबूची पट्टी, तिच्यावरून फुकुसा तीनदा फिरवायची. भांडी आधीच धुतलेली असतात. पाहुण्यासमोर पुन्हा पुसणं हे त्याच्यासाठी मन लावून तयारी केल्याचं दिसावं म्हणून असतं, तेव्हा त्यात यांत्रिकपणा आला तर सगळं फुकट जातं.

मग चाकिन, वाडगा पुसायचं पांढरं सुती किंवा तागाचं फडकं, ओलं करून पिळून विशिष्ट घडीत वाडग्यात ठेवायला शिका. मग चासेन-तोशी: वाडग्यात गरम पाणी घेऊन चासेन हलवायची आणि वर उचलून तिची टोकं मोडलेली नाहीत ना हे बघायचं. यात काडी मऊ होते आणि वाडगाही तापतो. हिशाकु ही बांबूची लांब पळी शेवटी. किटलीवर ती ठेवण्याच्या तीन निराळ्या रीती आहेत आणि त्यांत मनगटाची ठेवण बसायला दिवस जातात. तिची घाई नको, पहिल्या तेमाएत ती लागतही नाही.

दुसऱ्यांचे धडे बघणं हाही अभ्यासच आहे. आपला नंबर झाला की मोबाइल काढणारा विद्यार्थी निम्मं शिकणं सोडून देतो. तसंच मिझुयातलं काम, म्हणजे आतल्या तयारीच्या खोलीत वाडगे धुणं, चहा चाळणं, गोड मांडणं. ते मागून घ्या. भांडी हाताळायची खरी सवय तिथं होते.

घरी एक वाडगा चहा

रोज एक वाडगा घरी करा. यात विधी नको, फक्त चहा.

माचा घेताना रंग बघा: ताजा माचा झळाळता हिरवा असतो, पिवळट किंवा मळकट दिसला तर जुना. डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ या शब्दावर विसंबू नका, त्याला जपानमध्ये कुठलं अधिकृत प्रमाण नाही. छोटा डबा घ्या आणि उघडल्यावर महिनाभरात संपवा. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर डब्यात लगेच ओल धरते आणि पुडीच्या गुठळ्या होतात.

पाणी गाळलेलं, मऊ घ्या. बोअरच्या जड पाण्यात माचाची चव दबते. उकळी आणा आणि साधारण ८० अंशांपर्यंत येऊ द्या. वाडग्यात गरम पाणी घालून चासेन त्यात भिजवा, पाणी ओता, वाडगा पुसून कोरडा करा. २ ग्रॅम माचा बारीक चाळणीतून चाळून घाला आणि ७० मिलिलिटरच्या आसपास पाणी. चाळणं टाळू नका, गुठळी चासेननं फुटत नाही.

आता डाव्या हातानं वाडगा धरा. आधी तळाशी हळू फिरवून पूड पाण्यात मिसळून घ्या. मग चासेन तळापासून किंचित वर उचला आणि मनगट सैल सोडून पुढे-मागे भराभर हलवा, खांदा आणि कोपर स्थिर. गोल फिरवून फेस येत नाही. पंधरा-वीस सेकंदांत फेस आला की चासेन पृष्ठभागाजवळ आणा, हळू चालवून मोठे बुडबुडे फोडा, शेवटी एक गोल फेरा घेऊन मधोमध सरळ वर काढा. फेस नाही आला तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं किंवा चासेन तळाला दाबली जात असते. चहा कडू जहर झाला तर पाणी फार गरम होतं.

चासेन साध्या पाण्यात धुवा, साबण नको. काड्या वर करून किंवा चासेनच्या चिनीमातीच्या ठोकळ्यावर ठेवून हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. ओली चासेन डबीत बंद केली की बुरशी येते, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हा धोका रोजचा आहे. जपानी चासेन हवी असेल तर नारा प्रांतातल्या ताकायामा गावची शोधा. तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकाच बांबूच्या नळीतून हातानं काड्या चिरतात. पातळ चहाला ऐंशी ते शंभर काड्यांची पुरते.

गोड म्हणून संक्रांतीचा काटेरी हलवा ठेवून बघा. जपानच्या कोनपेइतो या काटेरी साखरदाण्यांशी तो दिसायला अगदी जुळतो. कोनपेइतो सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर जपानमध्ये आला आणि आज कोरड्या गोडात तो मानानं वावरतो.

पहिली तेमाए: बोनऱ्याकू

उरासेंकेत पहिली तेमाए ही, थाळीवरची. हिशाकु नाही, मोठी पाण्याची घागर नाही. एक गोल थाळी, तीवर वाडगा आणि नात्सुमे, वाडग्यात चाकिन व चासेन आणि त्यावर आडवी चाशाकु. शेगडीवर लोखंडी किटली, आणि वापरलेलं पाणी ओतायचं केन्सुइ. पावलं थोडक्यात अशी. दाराशी बसून वाकायचं, थाळी आणून समोर ठेवायची, परत जाऊन केन्सुइ आणायचं. बसल्यावर एक पूर्ण श्वास. फुकुसा घडी करून नात्सुमे आणि चाशाकु पुसायची. वाडग्यात गरम पाणी, चासेन-तोशी, पाणी केन्सुइत, वाडगा चाकिननं पुसायचा. चाशाकु हाती घेतली की पाहुण्याला गोड घ्यायला सांगायचं. दीड-दोन चाशाकु माचा, पाणी, फेस. वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे फिरवून ठेवायचा. पाहुण्यानं पुरे म्हटलं की सगळं उलट्या क्रमानं स्वच्छ करून, जसं आणलं तसं परत न्यायचं.

पाठ करताना लोक क्रमाच्या मागे लागतात. क्रम चुकेल, सगळ्यांचा चुकतो, आणि सेन्सेइ शेजारी बसून पुढचं सांगतातच. माझा आग्रह एवढाच की गोड घ्यायला सांगण्याची वेळ चुकवू नका, कारण त्यावर पाहुण्याचं तोंड गोड असताना चहा पोचणं अवलंबून आहे. फुकुसाची घडी वाकडी झाली तर पाहुण्याचं काही बिघडत नाही.

इथपर्यंत यायला आठवड्याला एक वर्ग धरला तर काही महिने लागतात. पुढे हिशाकु आणि मोठ्या किटलीची तेमाए येते, आणि तिच्याबरोबर ऋतू. मे ते ऑक्टोबर शेगडी जमिनीवर ठेवलेली, म्हणजे फुरो, पाहुण्यापासून दूर. नोव्हेंबर ते एप्रिल तातामीत कापलेल्या खळग्यातली रो, पाहुण्याच्या जवळ, त्याला ऊब मिळावी म्हणून. विस्तवाची जागा बदलली की बसण्याची दिशा आणि हातांचे मार्गही बदलतात. नोव्हेंबरातलं रोचं उद्घाटन चहावाल्यांसाठी नव्या वर्षासारखं असतं. एक पूर्ण वर्ष झाल्याशिवाय शिकणं सोडायचा निर्णय घेऊ नका, कारण निम्मा चहा तुम्ही तोवर बघितलेलाच नसतो. कोइचा हा दाट चहा, माणशी चार ग्रॅमच्या आसपास माचाचा, त्यानंतर.

पहिला चाकाई

सहा-आठ महिन्यांत गुरू एखाद्या चाकाईला, म्हणजे चहाच्या मेळाव्याला, नेतील. मोठ्या चाकाईत एका खोलीत वीस-तीस पाहुणे, चहा पाऊण तासात आटोपतो आणि बहुतेकांचे वाडगे आतूनच तयार होऊन येतात. तिकीट आधी घ्यावं लागतं. प्रवासात असाल आणि गुरू नसतील, तर क्योतोजवळच्या उजी शहरात नदीकाठी ताइहोआन हे नगरपालिकेचं चहागृह आहे, आणि क्योतोतल्या उरासेंकेच्या चादो शिर्योकान संग्रहालयात भांडी बघता येतात.

रिक्यूंच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या सात नियमांत वेळेआधी तयार राहा आणि पाऊस नसला तरी पावसाची तयारी ठेवा, असे दोन आहेत. चाकाईला ते अक्षरशः पाळा. पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा, जादा मोजे आणि काइशीची जादा घडी न्या, शेजारच्याकडे नसेल तर द्या. पहिली जागा घेण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नकार द्या, ‘मी शिकतो आहे’ म्हटलं की लोक समजून घेतात. फोटो काढण्याआधी विचारा.

आणि दुसऱ्या दिवशी ज्यांनी बोलावलं त्यांना आभाराचे चार शब्द हातानं लिहून पाठवा. चहा आवडला एवढंच लिहू नका. पटावरचं लिखाण, फुलांतलं एखादं पान, वाडग्याचा रंग, तुमच्या लक्षात राहिलेली कुठलीही एक गोष्ट नेमकी लिहा. यजमानानं ती तुमच्यासाठीच निवडली होती.